ॲप कंपनीचे, धंदा कुणाचा?

‘डिजिटल ट्रान्सफॉर्मेशन’ हा शब्द आता हिंजवडी आणि खराडीच्या आयटी पार्कांपुरता राहिलेला नाही. मिरजेच्या किराणा दुकानात कंपनीचा सेल्समन येतो आणि गल्ल्यावर बसलेल्या चाचांना सांगतो, ‘आता ऑर्डर ॲपवरूनच टाका, स्कीम तिथेच मिळेल.’ भिवंडीच्या गोदामात मालाची नोंद वहीऐवजी स्कॅनरने होते. आणि आपल्यातलीच कुणी मुलगी संगणकशास्त्राची पदवी घेऊन पुण्यातल्या एखाद्या जुन्या कारखान्यासाठी सॉफ्टवेअर लिहीत असते. म्हणजे या बदलाच्या दोन्ही टोकांना आपली माणसे आहेत. काहीजण बदल घडवत आहेत, काहीजण तो सोसत आहेत. पुष्कळदा ही दोन्ही माणसे एकाच घरात राहतात.

तरीही या विषयावर आपल्याकडे बोलले जाते ते फक्त नोकरीच्या अंगाने. कोणता कोर्स करावा, कोणती प्रोग्रॅमिंगची भाषा शिकावी, पॅकेज किती मिळेल. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण एखादी मोठी, जुनी कंपनी डिजिटल होते आणि त्यासाठी इतरांशी भागीदारी करते, तेव्हा तिथे सत्तेची नवी वाटणी होत असते. माहिती कुणाच्या ताब्यात जाणार, निर्णय कोण घेणार आणि नुकसान कुणाच्या माथी येणार, हे त्या भागीदारीत ठरते. माझे म्हणणे साधे आहे. असे मोठे प्रकल्प फसतात तेव्हा दोष तंत्रज्ञानापेक्षा या तीन प्रश्नांच्या उत्तरांत अधिक सापडतो. आणि ही उत्तरे मागण्याचे काम आपल्या पिढीने अंगावर घेतले पाहिजे.

नोंदवही सगळ्यांची, मालकी एकाची

कंटेनरची वाहतूक जहाजाने होते, पण तो धंदा चालतो कागदावर. डेन्मार्कच्या मर्स्क या बलाढ्य जहाज कंपनीने एकदा पूर्व आफ्रिकेतून युरोपला जाणाऱ्या शीत कंटेनरच्या एका खेपेचा माग काढला. त्या साध्या खेपेत सुमारे ३० व्यक्ती व संस्था गुंतलेल्या होत्या आणि त्यांच्यात २०० हून अधिक वेळा निरोपांची व कागदांची देवाणघेवाण झाली होती. हा पसारा कमी करण्यासाठी मर्स्कने जानेवारी २०१८ मध्ये आयबीएमशी हातमिळवणी जाहीर केली. त्यातून ‘ट्रेडलेन्स’ नावाचा मंच उभा राहिला. पाया ब्लॉकचेनचा होता. म्हणजे अशी नोंदवही, जिच्या प्रती अनेकांकडे असतात आणि जी एकट्याला गुपचूप खोडता येत नाही.

पैसा होता, तंत्रज्ञान होते, जगातली दोन मोठी नावे होती. अडचण एकच होती. नोंदवही सगळ्यांसाठी असली तरी तिच्या मालकांत एक स्पर्धक बसला होता. इतर जहाज कंपन्यांना प्रश्न पडला की, आमच्या मालाची माहिती आम्ही आमच्याच प्रतिस्पर्ध्याच्या मंचावर का ठेवावी? २०१९ मध्ये एमएससी, सीएमए सीजीएम यांच्यासारख्या मोठ्या कंपन्या पुढे आल्या खऱ्या, पण सगळा उद्योग मनापासून एकत्र आला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये मंच बंद करण्याची घोषणा झाली. जागतिक पातळीवर उद्योगाचे पूर्ण सहकार्य मिळाले नाही, असे कारण मर्स्कनेच दिले. यंत्रणा चालत नव्हती, असे कुणी म्हटले नाही. कमी पडला तो भरवसा.

यातला खरा धडा पुढे आहे. मर्स्क, एमएससी आणि इतर काही कंपन्यांनी २०१९ मध्येच ॲमस्टरडॅम येथे एक संघटना स्थापन केली होती, डिजिटल कंटेनर शिपिंग असोसिएशन. ही संघटना मंच चालवत नाही. माहिती कोणत्या नमुन्यात लिहायची याचे सामाईक नियम ती ठरवते आणि ते सर्वांना खुले ठेवते. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिच्या नऊ सदस्य कंपन्यांनी जाहीर केले की, २०३० पर्यंत ‘बिल ऑफ लेडिंग’ हा मालावरचा हक्क सांगणारा कागद पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक करू. म्हणजे त्याच कंपन्या, तोच धंदा, पण रचना निराळी. एकाच्या घरात सगळ्यांना बोलावण्याऐवजी गावाच्या चावडीवर बसायचे ठरले, तेव्हा गोष्ट पुढे सरकू लागली.

आपल्या खिशातले उदाहरण

या चावडीचे भारतातले उदाहरण आपण दिवसातून अनेकदा वापरतो. यूपीआय चालवणारी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही संस्था २००८ मध्ये स्थापन झाली. तिचे मुख्यालय मुंबईत आहे. सुरुवातीला तिच्या प्रवर्तक दहा बँका होत्या. त्यांत सरकारी होत्या, खासगी होत्या आणि परदेशीही होत्या. २०१६ मध्ये भागधारक बँकांची संख्या ५६ वर गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये २१ बँकांना घेऊन यूपीआयची चाचणी सुरू झाली. एखाद्या एका बँकेने ‘माझेच ॲप घ्या, बाकीच्यांनी माझ्या दारात या’ असे म्हटले असते, तर आज भाजीवाल्याच्या गाडीवर एकाऐवजी दहा क्यूआर कोड लटकले असते. रस्ता सामाईक ठेवला, गाड्या ज्याच्या त्याने आणल्या, म्हणून ते चालले.

पण सामाईक रस्त्यावरही मक्तेदारी तयार होऊ शकते, हेही इथेच दिसते. यूपीआयच्या एकूण व्यवहारांपैकी सुमारे ८० टक्के व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोन ॲपवरून होतात. कोणत्याही एका ॲपचा वाटा ३० टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, असा नियम २०२० मध्ये जाहीर झाला. त्याच्या अंमलबजावणीची मुदत मात्र पुढे ढकलली जात २०२६ च्या अखेरीपर्यंत गेली आहे. नियम कागदावर असणे आणि तो लागू करण्याची ताकद असणे, यात किती अंतर असते ते यातून कळावे.

एकाच भागीदारावर विसंबण्याची किंमतही याच क्षेत्राने मोजली आहे. ५ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध आणले. फोनपेचे यूपीआय व्यवहार तेव्हा त्याच बँकेच्या आधारे चालत होते. ते ठप्प झाले आणि घाईघाईने दुसरी बँक जोडावी लागली. कोट्यवधी ग्राहकांनी करारावर सही केली नव्हती. त्यांचे पैसे मात्र त्या करारामुळे अडले. दोन कंपन्यांतली भागीदारी ही दोघांपुरती खासगी बाब नसते, ती अशी.

मधल्या माणसाचे काय?

आता आपल्या घरांच्या अधिक जवळचा प्रश्न. आपल्यापैकी अनेकांचे वडील, काका, मामा कुठल्या ना कुठल्या साखळीत मधली कडी म्हणून काम करतात. कुणी आडते आहेत, कुणी वितरक, कुणी एजंट, कुणी वितरकाच्या टेम्पोवर. डिजिटल बदलाच्या सादरीकरणांत ‘मध्यस्थ हटवू’ हे वाक्य मोठ्या अभिमानाने येते. हटवला जाणारा मध्यस्थ त्या सभागृहात बसलेला नसतो.

आयटीसी या जुन्या कंपनीने २००० साली मध्य प्रदेशात ई-चौपाल सुरू केले. सोयाबीन पिकवणाऱ्या गावांत संगणक बसवले. इंटरनेटसाठी उपग्रहाची सोय केली, विजेसाठी सौर पॅनेल लावले. गावातलाच एक शेतकरी ‘संचालक’ नेमला. गावासमोर शपथ घेऊन तो काम सुरू करी. शेतकऱ्याला भाव घरबसल्या कळे, वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावर होई आणि माल आयटीसीलाच विकण्याची सक्ती नव्हती. यातली सर्वांत शहाणी गोष्ट संगणकाची नव्हती. कंपनीने जुन्या आडत्यांना दारातून हाकलले नाही. त्यांना ‘संयोजक’ म्हणून सामील करून घेतले. गावांची माहिती, माणसांची पारख, रोख रकमेची ने-आण, वाहतूक आणि साठवण ही त्यांची कौशल्ये वापरली आणि त्याबद्दल त्यांना कमिशन दिले. पुढे ही योजना दहा राज्यांत पसरली. ती निर्दोष होती असे नाही. बाजार समितीत येणारा माल घटला की हमाल आणि तोलाऱ्यांचे कामही घटते, आणि त्यांना संयोजकांसारखी जागा कुणी दिली नाही. पण किमान एका मधल्या थरासाठी कंपनीने आधी विचार केला होता.

याच्या उलट चित्र महाराष्ट्राने २०२१ च्या अखेरीस पाहिले. साबण, टूथपेस्ट, बिस्किटे बनवणाऱ्या कंपन्यांनी दुकानदारांना थेट माल पुरवणाऱ्या डिजिटल कंपन्यांशी हातमिळवणी केली होती. त्या कंपन्यांच्या ॲपवर माल पारंपरिक वितरकापेक्षा स्वस्त मिळू लागला. वितरकांच्या अखिल भारतीय संघटनेचे म्हणणे असे होते की, आम्ही दुकानदाराला ८ ते १२ टक्के नफा देऊ शकतो, तर या नव्या कंपन्या १५ ते २० टक्के देतात. कंपनी एकच आणि माल एकच, तरी भाव मात्र दोन. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या काही मालाचा पुरवठा रोखला. मग कंपन्यांना वाटाघाटींना बसावे लागले.

वितरक तंत्रज्ञानाच्या विरोधात होते का? नव्हते. त्यांची मागणी समान भावाची होती. ज्याने वर्षानुवर्षे उधारी सांभाळली, पावसापाण्यात माल पोहोचवला, त्याला न विचारता नव्या भागीदाराशी करार झाला, ही खरी तक्रार होती. दुकानदाराला स्वस्त माल मिळावा यात काहीच गैर नाही. गैर आहे ते खेळ चालू असताना एकासाठी नियम बदलणे आणि त्याला ‘प्रगती’ म्हणणे.

सॉफ्टवेअर घेतले, सवय सोडली नाही

प्रत्येक वेळी छोटा माणूसच भरडला जातो असेही नाही. कधी कंपनी स्वतःच्याच हट्टाने बुडते. जर्मनीच्या लिडल या किराणा साखळीने २०११ मध्ये एसएपीच्या मदतीने आपली संपूर्ण यंत्रणा नव्याने बांधायला घेतली आणि सात वर्षांनी, २०१८ मध्ये, ती सोडून दिली. सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. अडचणींपैकी एक हिशेबाच्या रीतीची होती. लिडल मालाचा साठा खरेदीच्या किमतीने मोजत असे, तर तयार सॉफ्टवेअर विक्रीच्या किमतीने. कंपनीला आपली रीत बदलायची नव्हती, म्हणून सॉफ्टवेअरच कापून-शिवून घेण्याचा आग्रह धरला गेला. शिवणकाम करणाऱ्या कुणालाही विचारा. तयार सदरा किती ठिकाणी उसवून पुन्हा शिवायचा यालाही मर्यादा असते. त्यापलीकडे नवा सदरा शिवणे स्वस्त पडते.

पाया कच्चा ठेवून मजले चढवण्याचा मोह आपल्याकडेही आहे. एचडीएफसी बँकेच्या डिजिटल सेवा वारंवार बंद पडल्यानंतर रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये तिला नव्या डिजिटल योजना आणि नवी क्रेडिट कार्डे थांबवायला सांगितले. कार्डांवरची बंदी ऑगस्ट २०२१ मध्ये उठली, तर उरलेले निर्बंध मार्च २०२२ मध्ये. २०२४ मध्ये कोटक महिंद्रा बँकेवरही ऑनलाइन नवे ग्राहक जोडण्यास अशीच बंदी आली आणि ती पुढच्या वर्षी उठली. नियामकाने वेळीच ‘थांबा’ म्हणण्याची ही उदाहरणे मला महत्त्वाची वाटतात. प्रत्येक क्षेत्रात असा जागा नियामक नाही. जिथे तो नाही, तिथे थांबा कोण म्हणणार?

छोट्या भागीदाराने काय पाहावे?

आपल्यातले अनेक तरुण आता दोन-तीन मित्र मिळून स्टार्टअप काढतात आणि पहिला मोठा ग्राहक म्हणून एखादी जुनी कंपनी शोधतात. तिकडून उत्तर येते, ‘आधी तीन महिने फुकट चाचणी करून दाखवा, मग पाहू.’ चाचणी सहा महिने चालते, मग कंपनीतला तो अधिकारी बदलतो आणि फाइल बंद होते. मोठ्या कंपनीसाठी तो एक प्रयोग असतो. छोट्यासाठी ते भाड्याचे आणि पगाराचे सहा महिने असतात. म्हणून चार गोष्टी आधी पक्क्या करा.

पहिली गोष्ट पैशांची. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म आणि लघू पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत आणि कोणत्याही स्थितीत ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. २०२३ मध्ये आयकर कायद्यातही बदल झाला. मुदतीत दिले नाहीत तर ते पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च म्हणून वजा करता येत नाही. पण या संरक्षणासाठी उद्यम नोंदणी हवी. ती विनामूल्य आहे आणि काम सुरू होण्याआधी करून ठेवावी.

दुसरी गोष्ट मालकीची. नोकरीत असताना लिहिलेल्या सॉफ्टवेअरचा हक्क सहसा मालकाकडे जातो. बाहेरून कंत्राटावर लिहिलेल्या सॉफ्टवेअरचा हक्क आपोआप जात नाही. कॉपीराइट कायद्यानुसार हस्तांतर लेखी असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारत, असे धरले जाते. म्हणून ‘सर्व हक्क कायमचे’ अशी ओळ करारात दिसली की तिथेच थांबा आणि विचारा. या ओळीची किंमत या रकमेत धरली आहे का?

तिसरी गोष्ट माहितीची. चाचणीत ग्राहकांची जी माहिती हाताळली जाईल, ती नंतर कुणाकडे राहील आणि कधी पुसली जाईल, हे लिहून घ्या. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे. गळती झाली तर ‘आम्ही फक्त सॉफ्टवेअर दिले होते’ हे वाक्य पुरणार नाही.

चौथी गोष्ट सुटकेची. भागीदारी कशी संपेल, हे ती सुरू होतानाच ठरवावे. निकाहनाम्यात मेहेरची रक्कम लिहिली म्हणून कुणी नात्यावर अविश्वास दाखवला असे होत नाही. ती हक्काची नोंद असते. व्यवहारातही तसेच आहे. लेखी अटी मागणाऱ्याला ‘तुमचा आमच्यावर भरवसा नाही का?’ असे विचारले जाते. उत्तर शांतपणे द्या, ‘भरवसा आहे, म्हणूनच लिहायला हरकत नसावी.’

दुसरी बाजू

यावर कुणी म्हणेल की, मोठ्या कंपन्या पैसा आणि जोखीम उचलतात, मग निर्णय त्यांचा का नसावा? शिवाय सगळ्यांना विचारत बसले तर बदल कधी होणार? या म्हणण्यात तथ्य आहे. समित्यांत अडकलेले प्रकल्पही आपण पाहिले आहेत. छोट्या कंपनीला मोठ्या नावामुळे पत मिळते, हेही खरे. पण ट्रेडलेन्स पाहा. तिथे निर्णय दोघांकडे होता आणि पैसाही होता, तरी चार-पाच वर्षांनी मंच बंदच झाला. वितरकांना न विचारता पुढे गेलेल्या कंपन्यांना शेवटी त्यांच्याचसमोर बसावे लागले. आधी विचारण्यात वेळ जातो हे मान्य, पण न विचारल्याने तो वाचतोच असे नाही.

सर्वांच्या हातात सारखे अधिकार द्या, असे मी म्हणत नाही. ज्याच्यावर परिणाम होणार आहे त्याचे ऐकले जावे, त्याला कारण सांगितले जावे आणि तक्रारीची एक जागा असावी, एवढीच ही मागणी आहे. कुटुंबात, समाजात आणि कायद्यासमोर आपण हेच मागत आलो आहोत. कंपनीच्या दारात पोहोचल्यावर ते विसरण्याचे कारण नाही.

तेव्हा आयटीत काम करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत पडद्यावर ‘मध्यस्थ हटवू’ अशी ओळ आली, तर एक प्रश्न नक्की विचारा. ती माणसे कोण आहेत आणि त्यांच्याशी कुणी बोलले आहे का? आणि दुकान, गोदाम, कारखाना सांभाळणाऱ्यांनो, ॲप नाकारू नका. ते शिका, वापरा, पण ‘मंजूर’ या बटणाच्या आधीच्या अटी घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीकडून वाचून घ्या. व्यापारी संघटनेत असाल तर त्या अटींवर एकत्र बोला. महाराष्ट्रातल्या वितरकांचे ऐकले गेले ते ते एकत्र होते म्हणून. एकट्या दुकानदाराला ती अट मान्य करावी लागली असती.